लेकाच्या बॅगेत चिलीम सापडली, आता जेल होईल का?

पत्र थोडं कमी करून देते.

"वकील ताई, नमस्कार. आम्ही पारोळा तालुक्यातले, घरी कापूस-मक्याची शेती. मोठा मुलगा २० वर्षांचा, जळगावला बीएस्सी करतो, सोबत पोलीस भरतीची तयारी. दोन मित्रांबरोबर रूम करून राहतो. आखाजीला घरी आला तेव्हा कपडे धुवायला काढताना बॅगेत फडक्यात गुंडाळलेली मातीची चिलीम, गोगो पेपरचं पाकीट आणि दात असलेली एक गोल डबी निघाली, डबीत हिरवट भुसा चिकटलेला. मी घाबरून फोटो काढला, दिराला पाठवला, त्यांनी तो घरच्या ग्रुपवर टाकला. दीर म्हणतात याला दहा वर्षं जेल आहे, जाळून टाक लगेच. गल्लीतला एक जण म्हणतो माझी ओळख आहे, २५ हजार द्या, पोराचं नाव कुठेच येऊ देत नाही. मालकांकडे साधा फोन आहे म्हणून त्यांना अजून माहीत नाही, ते फार तापट आहेत. पोरगा म्हणतो माझं नाही, मित्राचं आहे. नुसती चिलीम जवळ ठेवली तरी गुन्हा होतो का? वस्तू मी माझ्या ट्रंकेत ठेवल्यात. चार दिवस झाले झोप नाही. मना आंडोर तसा नही शे हो ताई."

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बाकीचं सगळं नंतर, नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत छातीवर हात ठेवूनच वाचाल. नुसती कोरी चिलीम, नुसता गोगो पेपर (वळून ओढायचा कागद), नुसता क्रशर (ती दात असलेली डबी) जवळ सापडला एवढ्यावरून आपल्या एनडीपीएस कायद्यात वेगळा असा गुन्हा नाहीये. दहा वर्षं तर लांबच राहिली. हा १९८५ चा कायदा आहे, अमली पदार्थांसाठी देशभर तोच लागतो, आणि तो मुख्यतः पदार्थाबद्दल बोलतो, म्हणजे गांजा, चरस, अफू, हेरॉइन, कोकेन, एमडी (मेफेड्रोन नावाची पावडर) हे पिकवणं, बनवणं, बाळगणं, विकणं, नेणं-आणणं, पिणं-ओढणं. ओढायच्या साधनाला स्वतःची वेगळी शिक्षा त्यात लिहिलेली नाही.

मग दीर असं का म्हणतात? त्यांचा पण दोष नाही, आपल्या खान्देशात गांजाचा कायदा म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर शिरपूरकडच्या धाडी येतात, सातपुड्याच्या पायथ्याला कापसात नाहीतर तुरीत लपवलेली गांजाची झाडं, ट्रॅक्टरभर माल, पेपरात फोटो. त्या केसेस वेगळ्या. गांजाची लागवड केली तर कलम २० खाली दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि २० किलोपेक्षा जास्त गांजा सापडला तर तिथे शिक्षा सुरूच दहा वर्षांपासून होते आणि वीसपर्यंत जाते. दिरांचा दहाचा आकडा तिथला आहे. तुमच्या पोराच्या डबीतल्या भुशाला तो लावायचा नसतो.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे मोबाईलवरचे व्हिडिओ. बाहेरच्या देशांचे कायदे सांगणारे खूप फिरतात आणि खाली आपले लोक आपल्याच पोरांना टॅग करतात. सिंगापूरमध्ये नशेसाठी वापरायचा पाईप, सिरिंज, भांडं जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. अमेरिकेत केंद्राचा कायदा असलं सामान विकणाऱ्याला आणि पोस्टाने पाठवणाऱ्याला धरतो, आणि जवळ बाळगलं तर काय ते राज्याराज्यावर आहे. ते तिकडचं. पारोळ्याला आणि जळगावला ते लागू नाही.

आता ऐका, कारण इथून पुढे "पण" आहे आणि तो पण मोठा आहे.

तुम्ही लिहिलंय डबीत हिरवट भुसा चिकटलेला. चिलीम ओढलेली असेल तर तिच्यात पण काळी काजळी असणार. कायदा त्या डबीकडे बघत नाही, डबीत काय आहे ते बघतो. पोलीस अशी वस्तू जप्त करतात, सील करतात, फॉरेन्सिक लॅबला पाठवतात, आणि लॅबने गांजा आहे म्हटलं की मग तो गांजा बाळगला असा आरोप होऊ शकतो, अर्धा ग्रॅम असला तरी. तंबाखूत मिसळलेला असला तर "तंबाखूचं वजन वेगळं काढा" असं म्हणता येत नाही, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हीरा सिंग खटल्यात सांगितलंय की मिसळलेल्या मालाचं अख्खं वजन धरायचं. तुमच्या पोराच्या बाबतीत त्याने फार फरक पडत नाही कारण गांजाची अल्प मात्रा एक किलोच्या आत धरतात, पण एमडीसारख्या पदार्थात हाच मुद्दा पोरांना बुडवतो. तिथे अल्प मात्रा दोन ग्रॅमच्या आत आहे आणि ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक मात्रा, म्हणजे सगळ्यात कडक शिक्षेची, होते. दोन ग्रॅम म्हणजे फारच थोडं. एमडीच्या पुड्या आता तालुक्याच्या गावांपर्यंत यायला लागल्यात, म्हणून गांजाच्या पत्रात पण हे लिहिते आहे.

गांजाची अल्प मात्रा बाळगली तर शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. आधी ते सहा महिने होतं, २०१४ च्या दुरुस्तीत एक वर्ष झालं. आणि ओढणं हा परत वेगळा गुन्हा, कलम २७. गांजा ओढल्याबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही, कोकेन-हेरॉइनला मात्र एक वर्ष आणि वीस हजारापर्यंत. चिलीम, पेपर, क्रशर या वस्तू इथे कामाला येतात, म्हणजे पोलिसांच्या कामाला. एकटी चिलीम गुन्हा नाही, पण सोबत पुडी सापडली, लघवीच्या तपासणीत अंश निघाला, तर तीच चिलीम कोर्टात म्हणते की हा पोरगा ओढतो. आणि गुन्हा ठरला तर कलम ६० प्रमाणे ज्या भांड्याने, साधनाने गुन्हा झाला ते सरकारजमा होतं, गाडीत माल सापडला तर गाडी पण. मोटारसायकल मित्राला "दहा मिनिटासाठी" देणाऱ्या पोरांनी हे वाचावं. कायद्यात साधनांचा अजून एक उल्लेख कलम ५४ मध्ये आहे, पण तो अमली पदार्थ बनवायच्या खास यंत्रांचा आणि भांड्यांचा, तशी सापडली आणि समाधानकारक खुलासा देता आला नाही तर कोर्ट गुन्हा गृहीत धरू शकतं. क्रशर म्हणजे कारखाना नाही, त्यामुळे ते सोडा.

गोगो पेपर टपरीवर दहा-वीस रुपयाला उघड मिळतो म्हणून पोरांना वाटतं सगळंच चालतं. विकणं-घेणं एनडीपीएसमध्ये बसत नाही हे खरं, पण जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त एखाद्या वस्तूवर मनाई आदेश काढू शकतात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, आणि तसा आदेश असताना विकलं तर तो गुन्हा होतो. आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डाच्या आत तंबाखूचे पदार्थ विकायलाच बंदी आहे. कॉलेजच्या गेटसमोर टपरी, टपरीवर तंबाखू आणि बाजूलाच हे पेपर टांगलेले, हे बघून माझं डोकं फिरतं, पण त्यावर परत कधीतरी.

आता "मित्राचं आहे". ताई, मी धुळ्याच्या कोर्टात वीस-बावीस वर्षं काढली, हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्याच्या मागचं पोरगं ओळखता येतं. कधी ते खरं असतं. खरं असलं तरी काय होतं ते समजून घ्या. कायद्यात ताबा म्हणजे नुसतं बॅगेत असणं नाही, माहीत असून जवळ ठेवणं. म्हणजे त्याला खरंच माहीत नसेल तर तो बचाव आहे. पण बॅग त्याची, फडकं त्याचं, गुंडाळून ठेवलेलं, आणि या कायद्यात कलम ३५ नुसार कोर्ट आधी असंच धरून चालतं की त्याला माहीत होतं, माहीत नव्हतं हे त्याने सिद्ध करायचं. इतर गुन्ह्यात सिद्ध करायचं ओझं सरकारवर असतं, इथे या मुद्द्यावर ते पोरावर येतं.

आणि रूम. तीन पोरं, एक खोली, एकाच्या गादीखाली पुडी. पोलीस आले तर तिघांना नेतात, मग कोणाचं काय ते नंतर. कलम २५ असं सांगतं की ज्याच्या ताब्यात घर, खोली, गाडी आहे त्याने माहीत असून तिचा या कामासाठी वापर होऊ दिला तर त्याला मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा. भाडेचिठ्ठी तुमच्या पोराच्या नावावर आहे का ते विचारा, हे फार महत्त्वाचं आहे. असेल आणि मित्र तिथे बसून ओढत असतील, तर "मी ओढत नाही" एवढं पुरत नाही. त्याहून वाईट म्हणजे दोस्तीत केलेली कामं. तू भुसावळला चाललाच आहेस तर अमक्याकडून घेऊन ये, पैसे मी देतो. पोराला वाटतं मी काय विकतोय का, मी तर नुसतं आणून दिलं. कायद्यात आणणं-नेणं हाच गुन्हा आहे, नफा झाला की नाही कोणी विचारत नाही, आणि त्यात दोन-चार जण सामील निघाले की कलम २९, कट आणि मदत. भुसावळ जंक्शनला गाड्यांमध्ये गांजा पकडल्याच्या बातम्या येतात त्यात कधीकधी अशीच पोरं असतात, बॅग दुसऱ्याची, हात यांचा.

म्हणून पोराला "तू ओढतो का" हा एकच प्रश्न विचारून थांबू नका. रूम कोणाच्या नावावर, पैसे कोण देतं, आणायला कोण जातं, तू कधी कोणासाठी काही आणलंस का, फोनपेवर पैसे पाठवलेस का. हे विचारताना आवाज चढवू नका माय, चढवला की तो मित्राचं आहे याच्यावर परत जाऊन बसेल.

आता ट्रंकेचं बोलू. तुम्ही आई म्हणून लपवलं, मला कळतं, माझ्यासमोर ते पोरगं असतं तर मी पण पहिल्यांदा हेच केलं असतं कदाचित. पण कायद्याच्या नजरेत काय झालं बघा, आधी ती वस्तू पोराच्या बॅगेत होती, आता ती माहीत असून तुमच्या कुलपात आहे. ताबा तुमचा झाला. जाळून टाका असं मी इथे लिहिणार नाही, कारण गुन्हा झालाय हे माहीत असून कोणाला वाचवायला पुरावा नष्ट करणं हा न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे, आणि मला तुमच्या घरातलं पूर्ण माहीत नाही. पोलिसांची काही नोटीस, फोन, चौकशी सुरू झाली असेल, पोराची असो की त्याच्या मित्राची, तर त्या वस्तूंना हात पण लावायचा नाही. तसं काही नसेल तरी उद्याच पारोळ्याच्या किंवा जळगावच्या एखाद्या फौजदारी वकिलाकडे पंधरा मिनिटं समोर बसून सगळं सांगा आणि या वस्तूंचं काय करायचं ते त्यांना विचारा, वस्तू सोबत घेऊन जाऊ नका, नुसतं सांगा. वकिलाला सांगितलेलं बाहेर जात नाही. फी परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००, बाईला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. तोपर्यंत दिराकडे देऊ नका, शेतात पुरू नका, पोराच्या हातात देऊन "जा, ज्याचं आहे त्याला देऊन ये" असं एसटीत बसवून तर अजिबात पाठवू नका.

फोटो. तो ग्रुपवरून काढायला सांगा, आणि दिरांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा की यापुढे या विषयावर ग्रुपवर एक अक्षर नको. कोणी विचारलं तर पोराची तब्येत बरी नव्हती, आता डॉक्टरकडे चाललोय, एवढंच. हे खोटं पण नाही. इथे मला काळजी कायद्याची कमी आणि पोराच्या नावाची जास्त आहे, लग्नाच्या वयापर्यंत हा फोटो कोणाच्या तरी मोबाईलमध्ये राहील.

गल्लीतला माणूस. एक रुपया देऊ नका. ताई, कोणता गुन्हा नोंदलाय? कोणी तक्रार केलीय? नाव कुठून काढणार तो, नाव कुठे आहेच नाही. असे लोक घाबरलेल्या आईचा वास काढत येतात. आज २५ दिले की पुढच्या महिन्यात "साहेब बदलले" म्हणून परत येईल, आणि मग तोच एक जण असेल ज्याला सगळं माहीत आहे आणि ज्याला तुम्ही पैसे दिल्याचं पण माहीत आहे. २०१८ पासून लाच देणं हा पण गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कोणी जबरदस्तीने द्यायला लावली तर सात दिवसांच्या आत कळवलं की तुम्ही सुटता. परत आला तर म्हणा की मी १०६४ ला फोन करते, तो लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर आहे. नंबर ऐकला की असले लोक बहुतेक परत फिरकत नाहीत.

समजा उद्या पोलीस रूमवर आलेच, तर पोराने काय करायचं ते त्याला आजच सांगून ठेवा, घाबरवायला नाही, माहीत असावं म्हणून. पळायचं नाही, हातापाई नाही, उद्धट बोलायचं नाही. अंगझडती घ्यायची असेल तर कलम ५० प्रमाणे राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा त्याला हक्क आहे आणि पोलिसांनी तो हक्क त्याला सांगायचा असतो. हा हक्क अंगाच्या झडतीचा आहे, बॅगेच्या झडतीला तो लागत नाही, त्यामुळे रील बघून बॅगेसाठी भांडत बसू नये. बाईची झडती बाईच घेते. झडती-जप्तीचं आता व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागतं, पंचनाम्यावर सही करायच्या आधी वाचायचा, कोऱ्या कागदावर सही नाही. अटक केली तर कारण सांगावं लागतं, घरी कळवावं लागतं, २४ तासात मॅजिस्ट्रेटसमोर न्यावं लागतं. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, एनसीबीसारख्या (केंद्राचं अमली पदार्थविरोधी खातं) अधिकाऱ्यांसमोरचा पण नाही, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तूफान सिंग खटल्यात ते सांगितलं. मुंबई हायकोर्टाने २०२० मध्येच सांगितलंय की या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र धरायचे, म्हणजे जामीन पोलीस ठाण्यात नाही, कोर्टातून घ्यायचा. पण अल्प मात्रेत कलम ३७ मधल्या जामिनाच्या कडक अटी लागत नाहीत, कोर्ट सहसा जामीन देतं.

हे सगळं झालं. आता मला ज्याच्यासाठी हे पत्र छापायचं होतं ते सांगते, आणि इथे जरा वेळ लागेल.

याच कायद्यात, इतक्या कडक कायद्यात, एक दार उघडं ठेवलेलं आहे, आणि ते आपल्याकडे जवळजवळ कोणाला माहीत नाही, खुद्द वकिलांमध्ये पण बरेच जण ते वापरत नाहीत. कलम ६४-अ. व्यसनात सापडलेल्या माणसावर सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असेल आणि तो स्वतःहून, मनाने, सरकारी किंवा सरकारमान्य दवाखान्यात किंवा केंद्रात व्यसनमुक्तीचे उपचार घ्यायला गेला आणि उपचार घेतले, तर त्या आरोपासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं. आणि समजा खटला चालून दोषी ठरलाच, तरी कलम ३९ आहे, सेवनाच्या आणि अल्प मात्रेच्या केसमध्ये व्यसनी माणसाला शिक्षा सुनावण्याऐवजी कोर्ट त्याच्या संमतीने त्याला सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला पाठवू शकतं. म्हणजे कायदा करणाऱ्यांना पण माहीत होतं की ओढणारा आणि विकणारा एक नाही.

यातले दोन शब्द नीट धरा. एक, स्वतःहून. पकडल्यावर पोलीस दवाखान्यात नेतात ते स्वतःहून नाही. आज, जेव्हा कोणाचीच नजर नाही, तेव्हा गेलेला पोरगा आणि अटकेनंतर गेलेला पोरगा यांच्यात कोर्टाला दिसणारा फरक फार मोठा आहे, आणि तो फरक दाखवतो दवाखान्याचा केस पेपर, त्यावरची तारीख. दोन, सरकारमान्य. आपल्याकडे महामार्गाच्या कडेला, शेतातल्या बंगल्यात व्यसनमुक्तीचे बोर्ड लागलेत, काही चांगले आहेत, आणि काही ठिकाणी पोरांना कोंडतात, मारतात, साखळीने बांधतात. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा आहे, त्यात नशेशी जोडलेले आजार पण येतात, कलम ९५ मध्ये साखळीने बांधायला बंदी आहे, अशा केंद्राला नोंदणी लागते. नोंदणी दाखवत नसतील, आईबापाला भेटू देत नसतील, रात्री गाडी पाठवून उचलून नेतो म्हणत असतील तर पोराला तिथे टाकू नका. एक तर त्याचा जीव, आणि दुसरं म्हणजे तिथली पावती कलम ६४-अ साठी कोर्टात कामाला येत नाही. तुमचा मुलगा २० वर्षांचा आहे, सज्ञान आहे, त्याच्या मनाशिवाय भरती करायला कायद्यात वेगळ्या कडक अटी आहेत, मालकांच्या रागावर ते होत नाही.

मग कुठे जायचं? जळगावला सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल आहे, धुळ्याला भाऊसाहेब हिरे, नंदुरबारला पण आता सरकारी मेडिकल कॉलेज झालंय. मानसोपचार विभागाच्या ओपीडीला जायचं, केस पेपर काढायचा, डॉक्टरला खरं सांगायचं. डॉक्टर पोलिसांना फोन करतील ही भीती सगळ्यांना असते, पण २०१७ च्याच कायद्यात उपचाराची माहिती गुप्त ठेवायचा हक्क दिलाय. जायच्या आधी फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत नंबर आहे, आणि पोराची किंवा तुमची स्वतःची झोप उडाली असेल तर टेलिमानसचा १४४१६, मराठीत बोलतात. तुमच्यासाठी पण सांगते आहे मी, चार दिवस झोप नाही म्हणता तुम्ही.

"व्यसनी" हा शब्द तुम्हाला टोचेल. आईला टोचणारच. पण या कायद्यात व्यसनी म्हणजे ज्याला पदार्थाशिवाय राहवत नाही असा माणूस, आणि त्यालाच ही ढाल दिलीय. तुमचा मुलगा तिथपर्यंत गेलाय की महिन्यातून एकदा मित्रांबरोबर ओढतो हे मी ठरवू शकत नाही, दीर पण नाही, डॉक्टर ठरवतील. एखाद-दुसऱ्या वेळेचा असेल तर समुपदेशनावर निघेल. रोजचा असेल आणि सोडला तर पहिला आठवडा चिडचिड होते, झोप लागत नाही, जेवण जात नाही, दोन-एक आठवड्यात बहुतेकांचं ते उतरतं. त्या दिवसात घरी असेल तर त्याच्याशी भांडू नका, भाकरी पुढे ठेवा आणि उठून जा. पण भलतंसलतं ऐकू येतं म्हणाला, कोणी मागे लागलंय म्हणाला, तर थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. आणि गांजाशिवाय दुसरं काही घेत असेल, गोळ्या, एमडी, सुई, तर ते डॉक्टरला आधी सांगायचं, सोडायची पद्धत वेगळी असते. सुईवरून आठवलं, एड्सच्या कामात सुई टोचून नशा करणाऱ्यांना स्वच्छ सिरिंज देतात, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात चक्क लिहिलंय की सरकारच्या नियमाप्रमाणे अशी सुई देणं-घेणं हा गुन्हा धरायचा नाही. वस्तूमागचं कारण कायदा बघतो ते असं.

भरतीचं काय. सध्या त्याच्यावर काहीच केस नाही, त्यामुळे फॉर्ममध्ये लिहायला काही नाही, दवाखान्यात जाणं म्हणजे गुन्हा नोंद होणं नव्हे. उद्या केस झालीच तर पडताळणीच्या फॉर्ममध्ये लपवू नये, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सांगितलंय की माहिती खरी द्यायची, आणि किरकोळ गुन्हा असेल तर खातं सारासार विचार करू शकतं. लपवून लागलेली नोकरी नंतर जाते, मी जाताना बघितली आहे, पाच वर्षं वर्दी घातलेला पोरगा होता. तुमचा मुलगा रोज पहाटे ग्राउंडवर पळतो ना? मग फुफ्फुसाचं त्याला कोणी सांगायची गरज नाही, सोळाशे मीटरचं टायमिंग किती होतं आणि आता किती येतं एवढं विचारा. तो खरं सांगेल, कारण ते त्याला रोज दिसतं.

आता मालकांना सांगायचं का हा प्रश्न राहिला. सांगायचं, पण आज नाही आणि एकट्याने नाही. आधी पोराशी बोला, मग वकील, मग ओपीडीची तारीख. हातात केस पेपर आला की सांगा, म्हणजे "असं झालं" आणि "असं करतोय" दोन्ही एकाच वेळी सांगता येईल. सांगताना ज्यांचं ते ऐकतात असं कोणी जवळ असू द्या, तुमचे भाऊ असतील, मोठे आबा असतील. पोराला त्या वेळी घरात ठेवू नका, मामाकडे पाठवा संध्याकाळपुरता. पहिला राग तुमच्यावर निघेल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, म्हणून भाऊ शेजारी हवा. आणि मालक म्हणाले की शिक्षण बंद, उद्यापासून शेतात, तर तेव्हा वाद घालू नका, दोन दिवस जाऊ द्या, आणि जळगावची ती रूम मात्र लगेच सोडवा, भाडं बुडालं तरी चालेल. वकील काय म्हणाले आणि ओपीडीत काय झालं ते मला कळवा, नाव लिहू नका, "पारोळ्याची आई" एवढं लिहिलं तरी मला समजेल.